एनबीए की युरोलीग: बचाव समजून घ्यायचा असेल तर काय पाहावं?

आठवड्याला दोनच सामने पूर्ण पाहण्याइतका वेळ आहे, हायलाइट्स नको आहेत, खेळ समजून घ्यायचा आहे. मग बास्केटबॉलची अमेरिकेतली लीग एनबीए पाहावी की युरोपातल्या क्लबांची युरोलीग? कॉलेजच्या संघात खेळणारे, शाळेच्या मुलांना शिकवणारे आणि आता कुठे झोन (जागा वाटून केलेला बचाव) आणि मॅन टू मॅन (माणूस वाटून केलेला) यांतला फरक डोळ्यांना दिसू लागलेले प्रेक्षक, सगळेच कधी ना कधी इथे अडतात. खेळाडूंच्या दर्जावर निवड करायची तर प्रश्नच उरत नाही, जगातले सर्वोत्तम खेळाडू एनबीएतच आहेत. पण दोन्हीकडचा खेळ इतका वेगळा दिसतो त्याचं मोठं कारण नियम आणि पंचांची शिट्टी हे आहे. म्हणून तुलना तिथूनच केलेली बरी.

एक खुलासा आधी. युरोलीग ही फिबाची, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाची, स्पर्धा नाही, पण किरकोळ फरक सोडले तर ती फिबाच्याच नियमांनी खेळली जाते. आपल्याकडे शालेय स्पर्धांपासून राष्ट्रीय स्पर्धांपर्यंत नियम फिबाचेच, मैदान २८ बाय १५ मीटरचं आणि तीन गुणांची रेषा ६.७५ मीटरवर. तेव्हा युरोपात दिसणारा खेळ आपल्या मैदानाच्या मापाचा आहे. निवड करताना हे विसरून चालत नाही.

एनबीएच्या नियमांचा प्रवास थोडक्यात पाहू, कारण आजची शिट्टी कुठून आली ते त्यातून कळतं. २००१ पर्यंत तिथे झोन बचावाला बंदी होती. आक्रमण करणारा संघ तीन खेळाडू एका बाजूला नेऊन नुसते उभे करायचा, दुसऱ्या बाजूला एकास एक खेळ चालायचा आणि मदतीला जाणाऱ्या बचावपटूवर शिट्टी वाजायची. खेळ साचला होता. जेरी कोलांजेलो यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बदल सुचवले आणि २००१-०२ च्या हंगामापासून झोनला परवानगी मिळाली, चेंडू अर्धरेषेपलीकडे नेण्याची मुदत १० वरून ८ सेकंदांवर आली. पण बचावाला एवढी मोकळीक नुसती कशी द्यायची? म्हणून सोबत एक नवा नियम आला, बचावपटूसाठी तीन सेकंद. त्याकडे मी पुढे सविस्तर येतो, कारण माझी निवड त्याच्यावरच ठरली.

२००४-०५ मध्ये बाहेरच्या भागात चेंडू खेळवणाऱ्याच्या अंगावर हात ठेवून त्याला वळवण्यावर, म्हणजे हँड-चेकिंगवर, कडक शिट्टी सुरू झाली. नियम जुनाच होता, अंमल नवा. एका संघाची सामन्यामागच्या गुणांची सरासरी २००३-०४ मध्ये ९३.४ होती, ती पुढच्याच हंगामात ९७.२ झाली. फिनिक्सचा स्टीव्ह नॅश त्या हंगामात आणि त्यापुढच्याही हंगामात सर्वोत्तम खेळाडू ठरला. कंबरेवरचा हात निघाल्यावर चपळ, सडपातळ पॉइंट गार्डला, म्हणजे संघाचा चेंडू खेळवणाऱ्याला, किती जागा मिळते ते त्याच्या खेळात स्वच्छ दिसतं. २०२३-२४ पर्यंत हीच सरासरी ११४.२ वर पोचली. ही सगळी वाढ नियमांमुळे झाली असं मी म्हणणार नाही. तीन गुणांचे फटके वाढले, वेग वाढला. पण फटके घ्यायला मोकळी जागा मिळते ती नियमांमुळेच.

आता त्या तीन सेकंदांकडे.

एक साधा पिक अँड रोल डोळ्यांसमोर आणा, म्हणजे एका खेळाडूने चेंडूवाल्याच्या बचावपटूच्या वाटेत उभं राहून (हाच स्क्रीन) मग रिंगकडे वळण्याचा डाव. चेंडू वर मध्यभागी आहे, सेंटर स्क्रीन द्यायला वर आलाय, दोन्ही कॉर्नरमध्ये एकेक शूटर उभा आहे. स्क्रीन लागला, सेंटर रिंगकडे वळला. आता सगळी भिस्त लांबच्या कॉर्नरमधल्या शूटरला धरणाऱ्या बचावपटूवर. प्रशिक्षक त्याला लो मॅन म्हणतात. युरोलीगमध्ये हा लो मॅन स्क्रीन लागण्याआधीच पेंटमध्ये, म्हणजे रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत, असतो. गुडघे वाकवलेले, एक हात स्वतःच्या माणसाकडे, दुसरा चेंडूकडे. त्याला तिथे हवा तितका वेळ थांबता येतं. त्यामुळे सेंटर रोल करून येतो तेव्हा वाटेत छाती आधीच हजर असते. पहिला पास बंद होतो. चेंडू विंगला जातो, तिथून कॉर्नरला. लो मॅन सुमारे चार मीटर धावत बाहेर येतो, शूटर फटक्याची हूल देऊन आत शिरतो, तोवर दुसऱ्याच कोणीतरी पेंटमधली ती जागा घेतलेली असते. एक सोपी बास्केट मिळवायला तीन-चार पास आणि शॉट क्लॉकचा, म्हणजे फटका घ्यायच्या मुदतीचा, बराचसा वेळ खर्ची पडतो. पाचही बचावपटू एका दोरीने बांधल्यासारखे हलतात आणि प्रेक्षकाला तो दोर दिसतो.

आता तोच डाव एनबीएमध्ये. पेंटची रुंदी जवळपास तितकीच, ४.८८ मीटर. पण हाताच्या अंतरावर प्रतिस्पर्धी नसेल, किंवा असूनही बचावपटू त्याला प्रत्यक्ष अडवत नसेल, तर बचावपटूला तिथे तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. म्हणून लो मॅन आत येतो, मनात मोजतो, दोन्ही पाय बाहेर काढतो, पुन्हा आत येतो. तिकडचे प्रशिक्षक याला ‘टू-नाइन’ म्हणतात, म्हणजे २.९ सेकंद आत आणि मग बाहेर. चेंडू खेळवणारा मुरलेला खेळाडू टप्पे देत वर थांबतो तो याच क्षणासाठी. लो मॅनचा पाय रेषेबाहेर पडला की इकडे स्क्रीन वापरला जातो, आणि रिंगजवळ उरतो तो बचावाचा एकटा सेंटर, त्याच्यासमोर आक्रमणाचे दोघे. लॉब (रिंगजवळ उंच पास) द्यायचा की स्वतः जायचं एवढाच निर्णय उरतो.

मोजणीत एक सेकंद चुकला तर टेक्निकल फाऊल. आक्रमण करणाऱ्यांना एक फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांच्याचकडे. शॉट क्लॉकवर १४ सेकंदांपेक्षा कमी उरले असतील तर घड्याळ पुन्हा १४ वर. कोणाला धक्का नाही, कोणाचा हात ओढलेला नाही, माणूस बास्केटचं रक्षण करत उभा होता एवढाच त्याचा गुन्हा. मला हे पटत नाही, आणि इतकी वर्षं पाहूनही सवयीचं झालेलं नाही. त्यातून ही मोजणी कुठल्या घड्याळावर दिसत नाही. चेंडूपासून लांब असलेला पंच ती मनात करतो, आणि हाताचं अंतर आहे की नाही हेही नजरेनेच ठरवतो. त्याच वेळी त्याच्या पुढ्यात स्क्रीन, ढकलाढकली, चेंडूशिवाय आत धावणारे कटर सगळं चालू असतं. अशा नियमाची शिट्टी एकसारखी वाजणं कठीणच. पहिल्या क्वार्टरमध्ये दोनदा पकडलेली चूक अटीतटीच्या शेवटच्या मिनिटांत दिसेनाशी झाली असं मला तरी पुष्कळदा वाटलं आहे. पंचांच्या प्रामाणिकपणावर यात शंका नाही. नियमच असा आहे की माणसाच्या डोळ्याला तो झेपत नाही.

शिकणाऱ्याचं यात नुकसान कसं होतं, तेही पाहा. एनबीए पाहून बचाव शिकलेला मुलगा आपल्या मैदानावर चटकन ओळखू येतो. तो विनाकारण पेंटबाहेर पाऊल टाकतो. फिबाच्या नियमांत तीन सेकंदांची मर्यादा फक्त आक्रमण करणाऱ्याला आहे, बचाव करणाऱ्याला नाही. तरी हा आत-बाहेर करत राहतो आणि नेमका बाहेर असताना समोरचा ड्राइव्ह करून आत घुसतो. ती सवय पायांत इतकी मुरलेली असते की ती मोडायला कित्येक सरावांत त्याला नुसतं ‘थांब, आतच थांब’ म्हणत राहावं लागतं.

लुका डॉन्चिचने एनबीएत आल्यावर उघडपणे सांगितलं होतं की युरोपपेक्षा इथे गुण करणं सोपं आहे. कारण म्हणून त्याने याच तीन सेकंदांकडे आणि मैदानावरच्या मोकळ्या जागेकडे बोट दाखवलं. रेआल माद्रिदकडून २०१८ ची युरोलीग जिंकून आणि तिथला सर्वोत्तम खेळाडू ठरून तो गेला होता. दोन्ही पाणी चाखलेला माणूस असं म्हणतो तेव्हा मला तरी वेगळी आकडेवारी लागत नाही.

बाकीचे फरक लहान आहेत, पण बहुतेक त्याच दिशेने झुकतात. चेंडू रिंगला लागून वर नाचत असेल तर फिबात तो कोणीही उडवू शकतो. एनबीएत रिंगच्या वरची काल्पनिक नळी मोकळी होईपर्यंत हात लावता येत नाही. परिणाम असा की युरोपातला उंच सेंटर फटका सुटल्यावरही काम थांबवत नाही, रिंगवर टेकलेला चेंडू तो झटक्यात बाहेर काढतो. पेंटमध्ये थांबण्याची मुभा आणि रिंगवरचा हात या दोन गोष्टी एकत्र आल्या की ड्राइव्ह करणाऱ्या गार्डचं गणित बदलतं. तो फ्लोटर (सेंटरच्या हातावरून जाणारा हलका, उंच फटका) जरा लवकर सोडतो, किंवा सोडतच नाही.

टाइमआउटचा फरक तर बऱ्याच जणांच्या ध्यानातही येत नाही. एनबीएत कोपऱ्यात दोघांनी घेरलेला खेळाडू चेंडू छातीशी धरून टाइमआउट मागतो आणि सुटतो. ट्रॅप अचूक लावला, पासच्या सगळ्या वाटा बंद केल्या, आणि हाती काही नाही. फिबात खेळाडूला टाइमआउट मागताच येत नाही. प्रशिक्षकाने टेबलकडे मागायचा, आणि तो मिळतो चेंडू मृत झाल्यावर किंवा स्वतःवर बास्केट झाल्यावर. शिवाय एका मीटरच्या आत कोणी अडवत असेल तर चेंडू धरलेल्याला पाच सेकंदांत पास, फटका किंवा ड्रिबल करावंच लागतं. एनबीएत असा सरसकट नियम नाही. तिथला पाच सेकंदांचा नियम रिंगकडे पाठ करून ड्रिबल करत राहणाऱ्यासाठी आहे. म्हणजे फिबात चांगल्या ट्रॅपचा मोबदला मिळतो. बचाव शिकवणाऱ्याला हे दाखवता येणं फार मोलाचं आहे.

फाऊलबद्दल एक गैरसमज सर्रास ऐकू येतो, की फिबात पाचव्याच फाऊलला खेळाडू बाहेर जात असल्याने बचाव घाबरत होतो. हिशेब मांडा. फिबात ४० मिनिटांना पाच, एनबीएत ४८ मिनिटांना सहा. दोन्हीकडे आठ मिनिटांना एक. सांघिक फाऊलचा हिशेब तर बचावाच्या बाजूचाच आहे. दोन्हीकडे क्वार्टरमधल्या पाचव्या फाऊलपासून फ्री थ्रो, पण फिबाचा क्वार्टर १० मिनिटांचा आणि एनबीएचा १२ चा. त्यातून एनबीएत क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत दुसऱ्याच फाऊलला फ्री थ्रो लागू होतात. फिबात महत्त्वाच्या खेळाडूचे पहिल्या दहा मिनिटांत दोन फाऊल झाले की प्रशिक्षक त्याला लांबलचक बसवतात, हे खरं आहे आणि ते प्रेक्षकाला खटकतं. पण तो प्रशिक्षकाचा निर्णय, नियमाचा नव्हे.

एनबीएच्या पारड्यात काय पडतं, तेही मोकळेपणाने सांगायला हवं. चुका दुरुस्त करण्याची तिथली तयारी मोठी आहे. २०१७ च्या प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांत, फटका मारून खाली येणाऱ्या क्वाय लिओनार्डच्या पायाखाली बचावपटूचा पाय आला आणि त्याचा घोटा दुखावला. पुढच्याच हंगामापासून शूटरला उतरायला जागा देण्याबाबत कडक शिट्टी सुरू झाली. २०२१-२२ मध्ये फाऊल ओढण्याच्या युक्त्यांवर कात्री लागली. अंग तिरकं टाकून बचावपटूवर झेपावणं, धावताना अचानक वाट बदलून मागच्याला अंगावर येऊ देणं, फटक्याच्या वेळी पाय बाहेर फेकणं, मोकळ्या हाताने समोरच्याचा हात अडकवणं. यावर आता एक तर आक्रमण करणाऱ्यावर फाऊल, नाहीतर शिट्टीच नाही. जेम्स हार्डन आणि ट्रे यंग यांच्यासारख्यांना सुरुवातीच्या आठवड्यांत ते जड गेलं.

२०२२-२३ पासून जलद हल्ला मुद्दाम फाऊल करून तोडला तर एक फ्री थ्रो आणि चेंडू परत. शेवटची दोन मिनिटं यातून वगळलेली आहेत. फिबाचा उपाय आणखी कडक आहे. तिथे असा फाऊल अनस्पोर्ट्समनलाइक धरतात, दोन फ्री थ्रो आणि वर चेंडू, आणि एकाच खेळाडूचे असे दोन झाले की तो बाहेर. मला फिबाची कडक बाजू इथे जास्त आवडते, कारण ती शेवटच्या दोन मिनिटांतही तशीच राहते.

पारदर्शकतेत मात्र एनबीए पुढे आहे, यात वाद नाही. मार्च २०१५ पासून अटीतटीच्या सामन्यांतल्या शेवटच्या दोन मिनिटांच्या निर्णयांचा अहवाल ती स्वतः प्रसिद्ध करते. कुठली शिट्टी बरोबर, कुठली चुकली, कुठली वाजायला हवी होती. पंचगिरी शिकणाऱ्याने हे अहवाल सामन्याच्या चित्रफितीशेजारी ठेवून वाचावेत. यासारखं दुसरं साधन माझ्या माहितीत नाही.

पण एनबीएची शिट्टी हंगामाच्या ओघात सरकते. ऑक्टोबरमध्ये ज्या गोष्टींवर भर असतो, तो जानेवारीपर्यंत सैल पडल्यासारखा वाटतो. २०२३-२४ मध्ये तर हंगामाच्या मध्यावर उलटं झालं. ऑल-स्टार सामन्याच्या सुट्टीनंतर शरीरसंपर्काचा खेळ जास्त चालू दिला गेला, फ्री थ्रो घटले, गुणसंख्या खाली आली. बदल चांगला होता असं माझं मत आहे, पण तो मधेच आल्याने आधी एका मापाने शिकलेला खेळाडू आणि प्रेक्षक दोघेही चाचपडले. युरोलीगमध्येही पंच चुकतात, आणि काही बाबतींत माझ्या मते जास्तच चुकतात. चेंडूपासून लांब कटरची जर्सी धरणं, स्क्रीनमधून निघताना कंबरेला विळखा घालणं यांकडे तिथे बरंच दुर्लक्ष होतं. हे तुम्हाला खुपत असेल तर युरोलीगचे पहिले काही सामने जड जातील.

एकास एक आक्रमण शिकायचं असेल तर एनबीएला तोड नाही. वेगात बदल, थबकून पुन्हा निघणं, मागे सरून फटका, हे सगळं तिथे शुद्ध रूपात दिसतं, कारण बचावपटूचा हात अंगावर नसतो आणि पेंट मोकळा असतो. शून्य पाऊल, म्हणजे चालता-धावताना चेंडू धरतेवेळी जमिनीवर असलेलं पाऊल न मोजणं, फिबाने २०१७ मध्ये स्वीकारल्यापासून पावलांचा फरकही बराच मिटला आहे. फक्त स्थानिक सामन्यांत सगळे पंच त्याकडे अजून एकाच नजरेने पाहत नाहीत, तेवढं ध्यानात ठेवून वापरा. तीन गुणांची रेषा मध्यभागी एनबीएत ७.२४ मीटरवर आहे, आपल्यापेक्षा जवळजवळ अर्धा मीटर मागे. पण कॉर्नरमध्ये दोघांतला फरक फक्त १० सेंटिमीटर आहे. म्हणून कॉर्नरच्या शूटरचं काम एनबीए पाहून जसंच्या तसं उचलता येतं, वरच्या शूटरचं अंतर उचलू नये.

वेळेचंही पाहा. भारतातून एनबीएचे सामने पहाटे आणि सकाळी दिसतात, न्यूयॉर्कचा संध्याकाळी सातचा सामना हिवाळ्यात इथे पहाटे साडेपाचला. युरोलीग रात्री, बहुतेक सामने साडेअकराच्या आगेमागे किंवा मध्यरात्रीनंतर. सकाळी नोकरी असणाऱ्याला दुसरा पर्याय अवघड आहे, हे मान्य. पण सामना ४० मिनिटांचा, टाइमआउट कमी. तो दोन तासांच्या आसपास संपतो. एनबीएला सव्वादोन तास धरून चाला.

तुम्ही गार्ड असाल आणि ड्राइव्हवर काम करत असाल तर दोनपैकी एक सामना एनबीएचा ठेवा, शक्यतो एप्रिलनंतरचा. प्लेऑफमध्ये पंच शरीरसंपर्क जास्त चालू देतात, त्यामुळे तिथला बचाव आपल्याकडच्या मापाच्या जवळ येतो. प्रशिक्षक असाल, सेंटर असाल, किंवा बचाव कसा उभा राहतो हेच समजून घ्यायचं असेल, तर दोन्ही सामने युरोलीगचे पाहायला मी सुचवेन. सुरुवातीला २०२४ ची अंतिम लढत घ्या, बर्लिनमधली, पानाथिनाइकोसने रेआल माद्रिदला ९५-८० हरवलं ती. नाहीतर अबू धाबीतली २०२५ ची, फेनरबाह्चे विरुद्ध मोनाको, ८१-७०.

पहिल्या क्वार्टरभर चेंडूकडे पाहू नका. कुठल्याही एका संघाचा लो मॅन निवडा आणि दहा डावांत तो कधी आत आला, कधी बाहेर गेला, त्याच्या बाहेर जाण्यावर त्याची जागा कोणी घेतली, एवढंच कागदावर टिपा. मग एनबीएच्या कुठल्याही सामन्यात हेच दहा डाव करा. दुसऱ्या कागदावर लो मॅनच्या आत-बाहेरच्या खुणा किती वाढतात ते बघा, आणि त्यातल्या किती खुणांच्या पुढच्याच क्षणाला ड्राइव्ह सुरू झाला तेही.